मागच्या खोलीतलं जनावर

१८ जून १९६१, रविवार

आज जनावर घरी आणलं.

फ्रेझर टाऊनमध्ये पिंटो नावाचे एक निवृत्त रेल्वे गार्ड राहतात. ते बायकोला घेऊन कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले आहेत. घरातलं सगळं विकून झालं, फक्त हे कुणी घेईना. बोआ कॉन्स्ट्रिक्टर. अजगरासारखंच, पण अमेरिकेकडचं. एका मोडलेल्या सर्कशीकडून पिंटोंनी ते घेतलं होतं. आमच्या धान्याच्या गोदामात कुणीतरी ही गोष्ट थट्टेनं सांगत होतं. सगळे हसले. मी पत्ता विचारून घेतला.

पिंटोंनी सगळं समजावून सांगितलं. मादी आहे. विषारी नाही. दोन आठवड्यांतून एक मोठा उंदीर पुरतो. खाल्ल्यावर दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. ऊब हवी, पाण्याचं घमेलं हवं. धसमुसळेपणा केला नाही तर ती चावत नाही. बोलता बोलता म्हातारा रडायला लागला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. 

जाळीच्या पेटीवर पोतं टाकून घोड्याच्या जटक्यातून घरी, गविपुरमला आणली. जटकेवाल्यानं विचारलं, आत काय आहे. मी म्हणालो, हार्मोनियम. तो घरापर्यंत गात आला.

आईला सांगितलं की गोदामात उंदीर फार झालेत, त्यांची विल्हेवाट लावायला आणलंय. आईनं चष्मा पुसून पेटीत पाहिलं आणि तिच्या नेहमीच्या कानडी होकारात म्हणाली, "सरी. पण स्वयंपाकघरात आणू नकोस."

खरं कारण कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो. प्रतापरावला मी या जनावरासोबत एका खोलीत कोंडणार आहे.

२ जुलै, रविवार

कशासाठी, तेही लिहून ठेवतो. म्हणजे पुढे हात कचरला तर वाचता येईल.

प्रतापराव माझ्या धाकट्या बहिणीचा, प्रतिमाचा नवरा. हलसूरला राहतो, कापडगिरणीत सुपरवायझर आहे. कामावर जाताना घराला बाहेरून कुलूप लावायची त्याची पद्धत होती. प्रतिमा आत. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. ती माहेरी यायची ती त्याच्यासोबत आणि जायची त्याच्यासोबत. गेल्या आषाढात तिचं आतडं फुटलं. दिवसभर ती आत होती. शेजारच्या बाईंनी मला नंतर सांगितलं की दुपारी धप्‌ धप्‌ आवाज येत होता. त्यांना वाटलं, प्रतिमा मिरची कुटतेय. तो संध्याकाळी नेहमीच्या वेळेला आला आणि त्यानं कुलूप काढलं.

डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर रोगाचं नाव लिहून दिलं. कुलपाचं नाव कुठे लिहीत नाहीत. फेब्रुवारीत त्यानं दुसरं लग्न केलं.

आता सापाचं. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात आम्ही सगळे होसकोटेजवळच्या आमच्या पेरूच्या बागेत गेलो होतो. गवतातून एक साधी धामण गेली. प्रतापरावनं प्रतिमाला तिच्या दिशेनं ढकललं आणि स्वतः धावत सुटला. बांधावर बसून धापा टाकत होता, ओठ निळे पडले होते. तेव्हा कळलं की त्याचं हृदय अशक्त आहे. त्याच्या खिशात गोळ्या असतात. प्रतिमा हसली होती. मीही हसलो होतो.

भीतीनं माणूस मेला तर त्याला खून म्हणत नाहीत. मेला नाही तरी चालेल. दार बाहेरून बंद असलं की काय होतं, एवढं त्याला कळायला हवं.

९ जुलै, रविवार

गोदामातून पिंजऱ्यात सापडलेला उंदीर जिवंत घरी नेला. हाताखालचा माणूस म्हणाला, साहेब, तुम्ही सोडून देता ना त्याला, पुण्य लागेल. मी हो म्हणालो.

उंदीर आत सोडल्यावर बराच वेळ काहीच झालं नाही. मग जे झालं ते डोळ्यांना दिसलंच नाही. उंदीर होता, आणि मग ती त्याच्याभोवती होती. आवाज नाही. मी शेवटपर्यंत पाहिलं.

पेटी मागच्या खोलीत आहे, तिथे गारवा आहे. चुलीजवळ विटा तापवून, पोत्यात गुंडाळून पेटीत ठेवतो. सकाळी एकदा, झोपताना एकदा. माझी योजना आणखी दोन-तीन महिन्यांची आहे, तोवर ती जगायला हवी.

२३ जुलै, रविवार

प्रतिमाचं वर्षश्राद्ध झालं. प्रतापराव आला नाही. गिरणीत तपासणी आहे असा निरोप आला.  आई भाताचे पिंड वळत राहिली.

मला आईचा राग येतो. वर्षभरात तिनं त्याला एक शिवी दिली नाही. मीच एकटा हे सगळं पोटात घेऊन फिरतो आहे असं वाटतं.

१६ ऑगस्ट, बुधवार, नागपंचमी

फजिती झाली. गल्लीतल्या बायकांना कुठून तरी कळलं. सकाळी दूध, हळद-कुंकू, लाह्या घेऊन दारात रांग. मी सांगून पाहिलं की हा नाग नाही, फणा नाही, शिवाय परदेशी आहे. त्यावर एक म्हातारी कानडीत म्हणाली की देवाला काय पासपोर्ट लागतो. आईनं सगळ्यांना आत घेतलं. पेटीवर हळद, पेटीसमोर दुधाच्या वाट्या. बोआ विटेवर पडून राहिली होती, तिनं मान वळवली नाही.

ती दूध पीत नाही हे मी आईला सांगितलं होतं. दुपारी वाट्या रिकाम्या दिसल्या. मांजर मिशा चाटत ओट्यावर बसलं होतं. आई म्हणाली, "बघ, प्याली की नाही?" 

पण एक बरं झालं. ती कुणाला काही करत नाही असं आता सगळी गल्ली सांगेल. तसंच हवं. उद्या काही झालं तर म्हणता येईल, आमच्याकडे हे उघड होतं, लपवाछपवी नव्हती.

२७ ऑगस्ट, रविवार

आईनं आज एक विचार बोलून दाखवला. ऐकून मला संताप आला आणि मग लगेच आनंद झाला.

पितृपंधरवड्यात अविधवा नवमी येते. नवरा हयात असताना गेलेल्या बायकांसाठी त्या दिवशी एक सवाष्ण जेवू घालून तिला साडी देतात. खरं तर हे सासरच्यांनी करायचं. प्रतापराव करणार नाही. आई म्हणते, मी करीन, आणि सवाष्ण म्हणून त्याच्या दुसऱ्या बायकोलाच बोलावीन. तिच्या गळ्यात पहिलीच्या नावाची पुतळी बांधीन. आमच्यात रीत आहे की दुसरीनं पहिलीची छोटी चांदीची पुतळी गळ्यात घालायची. ती पहिलीच्या आईनं बांधली, की दुसरी त्या घरची लेक होते.

मी म्हणालो, प्रतिमाच्या पलंगावर झोपणाऱ्या बाईला तू लेक म्हणणार?

"रीत आहे, अण्णा," आई म्हणाली. "जावयालाही बोलवायचं. जोडीनं यायला हवं."

जोडीनं. मग तो येणारच. समाजात मान मिळण्याची संधी तो सोडत नाही, आणि आई वडीलधारे म्हणून खंडोजीमामांनाही बोलावणार आहे. नवमी ३ ऑक्टोबरला आहे. जेवण झालं की जावयाला मागच्या खोलीत विश्रांतीला न्यायचं. पेटीचं झाकण आधीच उघडून ठेवायचं.

आईला मी म्हणालो, तुझी इच्छा असेल तर बोलाव.

१० सप्टेंबर, रविवार

आई हलसूरला आमंत्रण द्यायला गेली होती. परत आली ती घामाघूम. दाराला कुलूप होतं म्हणाली. त्याची नवी बायको खिडकीतून बोलली. सुलभा नाव. निपाणीकडची आहे, बाप नाही, मामानं लग्न लावून दिलं.

कुलूप. म्हणजे तेच कुलूप, तीच कडी. मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. प्रतिमानं ज्या दारावर हात आपटले ते दार त्यानं रंगवूनही घेतलं नसेल.

उंदीर दिला. आता ती माझा हात ओळखते असं वाटतं. पेटी उघडली की मनगटावर जीभ फिरवते, मग कोपरापर्यंत चढते. वजन बरंच आहे. पिंटोंच्या घरी होती त्यापेक्षा अंग भरलंय. हे चांगलं आहे, जितकी मोठी दिसेल तितकं बरं.

१७ सप्टेंबर, रविवार

आई या आठवड्यात तीनदा हलसूरच्या सोमेश्वराला जाऊन आली. इतकी भक्ती कधीपासून? गविपुरमला देवळं कमी आहेत का? विचारलं तर म्हणते नवस आहे. जाताना डब्यात काहीतरी नेते, येताना डबा रिकामा असतो. पुजाऱ्याला देत असेल.

शिवाय तिनं मधल्या खोलीला चुना लावून घेतला आणि कापूस पिंजून एक नवी गादी भरून घेतली. दोन साड्या आणल्या. मी म्हणालो, सवाष्णीला एक साडी पुरे. ती म्हणाली, एक धुवायला टाकली तर? मला हे सगळं पाहवत नाही. प्रतिमाच्या नावानं त्या बाईचे लाड. आईला दुःख झालं होतं की नाही, अशी शंका येते. असं लिहू नये, पण येते.

२४ सप्टेंबर, रविवार

आजपासून जनावराला खायला देणार नाही. भुकेली असली म्हणजे हिंडेल, स्वस्थ पडून राहणार नाही. नवमीपर्यंत उपाशी.

असं ठरवून पेटीजवळ गेलो तर तिचे डोळे दुधाळ निळे झालेले. मी घाबरलो. आंधळी झाली असं वाटलं. मग पिंटोंनी सांगितलेलं आठवलं, कात टाकायच्या आधी असं होतं. अशा वेळी ती आपणहूनच खात नाही. म्हणजे उपाशी ठेवायला माझी गरजच नव्हती. तरी पाणी बदललं, त्यात कोमट घातलं, एक खरखरीत दगड ठेवला, कात अडकायला.

तिला उपाशी ठेवायचं ठरवल्यावर वाईट वाटलं आणि प्रतापरावचं वाटत नाही. हे तपासून पाहिलं. खरंच वाटत नाही.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

कात टाकली. डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड. गोदामातून आलो तेव्हा ती नव्या अंगानं बसली होती. शेपटीकडची तांबूस नक्षी ओल्या विटेसारखी दिसत होती. मी आईला बोलावून दाखवलं. माझा आवाज मोठा झाला असावा, कारण आई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, वर्षभरात तू पहिल्यांदा मला हाक मारून काही दाखवलंस.

२ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी. मागच्या खोलीच्या बाहेरच्या कडीला तेल घातलं. खिडकीची झडप बाहेरून उघडते का पाहिलं. खाट भिंतीला लावली, पेटी ट्रंकेमागे ठेवली. आईनं विचारलं, कडीला तेल कशाला? कुरकुरते म्हणालो. "सरी," म्हणाली. मग म्हणाली, "आतल्या कडीलाही घाल." तीही घातली.

भीती एकाच गोष्टीची आहे. तो ओरडला तर मी दार उघडेन का? प्रतिमाचा आवाज आठवायचा. मिरची कुटल्याचा.

३ ऑक्टोबर, मंगळवार

जसं झालं तसं लिहितो.

ते दोघे अकराच्या सुमाराला आले. प्रतापराव काळा कोट घालून, पुढे. ती मागे. मी तिला पहिल्यांदाच नीट पाहिलं. वीस-एकवीस वर्षांची, कोपरं टोकदार, ऊन डोळ्यांवर आल्यासारखं बघते. मी तिच्याशी बोललो नाही.

खंडोजीमामा आले. आईनं सुलभाला पाटावर बसवून पुतळी तिच्या गळ्यात बांधली. मग प्रतापरावला म्हणाली की ही आता माझी लेक, तुम्ही वडीलधाऱ्यांसमोर तोंडानं म्हणा. तो हसला. "बरं, तुमची लेक. आधीची पण तुमचीच होती की." मामा हसले नाहीत. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी खाली ठेवला.

जेवायला ती खूप वेळ बसली. आई वाढत होती आणि ती खात होती. दुसरं कुणी काही बोललं तरी तिचं लक्ष पानातच.

जेवणानंतर प्रतापराव म्हणाला, जरा आडवा होतो. मी त्याला मागची खोली दाखवली. त्यानं कोट दाराबाहेरच्या खुंटीला लावला. मी हात धुवायला परसात गेलो. आधी ठरवलं होतं तसं पेटीचं झाकण सकाळीच उघडून ठेवलं होतं. परत आलो तेव्हा दार लोटलेलं, खुंटीला कोट आणि आत खाट कुरकुरली. मी कडी घातली. तेल घातल्यामुळे आवाज झाला नाही.

परसात कढीपत्त्याच्या झाडाखाली उभा राहिलो. हाक येईल, किंकाळी येईल, दारावर हात पडतील. काहीच आलं नाही. पहिल्यांदा वाटलं, झोपला असेल. मग वाटलं, मेला. एकदम, आवाज न करता. तेव्हा मला आनंद झाला. तो आनंदच होता, दुसरं काही नव्हे. मी इथे खोटं लिहिणार नाही.

चारचौघांत दिसावं म्हणून ओसरीवर गेलो. तिथे प्रतापराव मामांच्या शेजारी बसून पान खात होता. मामांनी त्याला हाक मारून बसवून घेतलं होतं.

आई सुपारी कातरत होती. मी विचारलं, मागच्या खोलीत कोण आहे? ती म्हणाली, सुलभा. नवी साडी नेसायला पाठवलीय.

मी आत कसा गेलो ते आठवत नाही. कडी काढली. ती खाटेवर बसली होती, नवी साडी नेसून. जनावर तिच्या मांडीवर होतं, अर्धं खाटेखाली लोंबत होतं. तिनं त्याच्यावर जुन्या साडीचा पदर टाकला होता.

ती म्हणाली, "उघडलंत व्हय? मला वाटलं, सांजच्याला उघडशीला."

 मी विचारलं, ओरडली का नाहीस?

"कडी पडल्यावर वरडून काय हुतंय?" असं म्हणून तिनं जनावराकडे पाहिलं. "आईंनी खिडकीतनं सांगितलं हुतं, तुमच्याकडं एक मोठी हाय, कुणाला काय करत न्हाई म्हणून. आधी लई भ्याले. मग तीच वर आली. गार पडली हुती बिचारी."

त्याच वेळी ओसरीवरून प्रतापरावची हाक आली. सुलभा, चल, उशीर होतोय. ती उठली नाही. दाराकडे बघून तिनं मला विचारलं, "अण्णा, ह्या दाराला आतनं कडी हाय का?"

मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग तुम्ही भाईर व्हा."

मी बाहेर झालो. आतून कडी पडली.

प्रतापराव आला, दार वाजवलं, मग लाथ मारली. मी त्याला सांगितलं, आत साप आहे. तो म्हणाला, मला खुळा समजता काय. मी परसातून जाऊन खिडकीची झडप वर केली आणि त्याला बोलावलं. त्यानं आत पाहिलं. ती खाटेवर बसून त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या खांद्यावरून जनावराचं डोकं हळूहळू खिडकीकडे येत होतं.

त्याचे ओठ निळे पडले ते मी जवळून पाहिले. तो मागे मागे सरकत गेला, कढीपत्त्याला आदळला, आणि मग सरळ फाटकाबाहेर. अनवाणी. चपला आणि कोट आईनं नेऊन फाटकावर ठेवले. कोटाची घडी घातली होती. त्यानं खिशातून गोळी काढून तोंडात टाकली. तो म्हणाला, बायकोला बाहेर काढा, नाहीतर पोलिसांत जातो.

आई फाटकापाशी उभी राहून इतकी गोड बोलली की मला कळेना ही कोण. "जावईबापू, पितृपंधरवड्यात लेकीची पाठवणी करत नाहीत. ओटी भरल्याशिवाय लेक कशी उंबरा ओलांडेल? स्वल्प दिवस थांबा. आता तर सगळ्यांसमोर म्हणालात ना, माझी लेक म्हणून?" खंडोजीमामा ओसरीवरून म्हणाले, "हो, म्हणाले, मी ऐकलं."

४ ऑक्टोबर, बुधवार

सुलभा मधल्या खोलीत नव्या गादीवर झोपली. सकाळी उन्हं वर आली तरी उठली नव्हती. आई म्हणाली, उठवू नकोस.

मी आईला सांगितलं की काल मीच कडी घातली होती, आणि कुणासाठी. ती चहा गाळत होती. मला कप दिला आणि म्हणाली, "तो ओसरीवरून हलला नसता. मामांना मी सांगून ठेवलं होतं."

दिवसभर हेच डोक्यात आहे. मामांना काय सांगून ठेवलं होतं? आणि कधीपासून? विचारायचं धाडस झालं नाही.

कडी मीच घातली. प्रतापराव जशी घालायचा तशीच, आत कोण आहे हे न बघता. ही गोष्ट लिहून झाली तरी संपत नाही.

जनावराला दोन उंदीर दिले.

२२ ऑक्टोबर, रविवार

प्रतापराव दसऱ्यानंतर आला. फाटकाबाहेर उभा राहिला. आई पंचांग घेऊन ओसरीवर बसली. पंधरवडा संपला, नवरात्र संपलं, पण आता दिवाळी तोंडावर. लेकीची पहिली दिवाळी माहेरी. तो म्हणाला, पहिली दिवाळी जावयाला बोलावतात. आई म्हणाली, या की, जरूर या, जेवायलाच या. सुलभा जनावराला उन्हात घेऊन बसली होती, उंबऱ्यात. तो फाटकाला हात लावून तसाच उभा.

मी कामाचं निमित्त करून ओसरीवरच थांबलो. त्याला तिष्ठताना पाहायला मला आवडतं.

पोलिसांत तो गेला होता म्हणे. तिथे त्याला विचारलं, बायको कुठे आहे? सासरच्यांनी पळवली का? तो म्हणाला, माहेरी आहे. त्यावर फौजदार हसला, असं मामांनी सांगितलं. समाजाच्या बैठकीत आता त्याच्याशेजारची जागा रिकामी राहते. हेही मामांनीच सांगितलं. वहाणा घालता घालता सांगितलं, मुद्दाम काही सांगतोय असं न दाखवता.

१७ डिसेंबर, रविवार

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. कालपासून धनुर्मास लागला. आई चष्मा नाकावर ओढून फाटकाबाहेरच्या प्रतापरावकडे बघत म्हणाली, धनुर्मासात लेक पाठवायचं तर विचारूच नका.

तो वाळलाय. शर्टाचं बटण तुटलेलं. स्वतः रांधून खातो म्हणे, शेजारची बाई आता दार उघडत नाही. मला दया येईल असं वाटलं होतं. आली नाही. रात्री जेवताना मी जास्तीची भाकरी घेतली.

थंडी वाढलीय. विटा आता सुलभा तापवते. मी गोदामातून येईपर्यंत तिनं पाणीही बदललेलं असतं. पहिल्यांदा मला ते आवडलं नव्हतं, जनावर माझं होतं. पेटीचं झाकण ती लावत नाही. मी लावलं तर थोड्या वेळानं उघडं दिसतं. आता मीही लावत नाही. काल जनावर तांदळाच्या डब्यामागे सापडलं, आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "मी काय सांगितलं होतं?" पण हसत होती.

सुलभा शेजारच्या शाळेत शिवणाच्या वर्गाला जाते. एकटी जाते, एकटी येते. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली. दुसऱ्या दिवशी पोचली.

२१ जानेवारी १९६२, रविवार

सगळ्या शहरात अष्टग्रहीची घबराट आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार, जग बुडणार म्हणतात. देवळोदेवळी होम चाललेत, गोदामातले हमाल गावी निघालेत.

प्रतापराव आज आला तेव्हा घाबरलेला होता. एकटं मरायची भीती असेल. फाटकाच्या गजांना दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "अंबुबाई, आता तरी पाठवा. काय व्हायचं ते दोघांचं मिळून होऊ दे."

आईनं चष्मा काढून पंचांगावर ठेवला. मग म्हणाली, "माझी प्रतिमा एकटीच होती हो." वर्षा-दीडवर्षात आईच्या तोंडून प्रतिमाचं नाव त्याच्यासमोर पहिल्यांदा निघालं. लगेच तिनं पंचांग उचललं. म्हणाली, अष्टग्रही सरू दे, जग राहिलं तर बघू.

तो गेल्यावर मी आईजवळ बसलो. तिच्या हातातलं पंचांग उलटं होतं. वर्षभर मी तिला मऊ समजत होतो. मला माणसं ओळखता येत नाहीत, एवढंच खरं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

जग राहिलं. काल संध्याकाळी अष्टग्रही संपली. आज सकाळी प्रतापराव आला, दाढी करून, इस्त्रीचा कोट घालून.

आईनं पंचांगाला हात घातला, पण सुलभानं तिला थांबवलं. जनावर तिच्या खांद्यावर होतं, ऊब घेत. ती ओसरीच्या पायऱ्या उतरून अंगणात गेली. इतक्या महिन्यांत ती त्याच्याशी बोलली नव्हती. तिला बोलताना पाहून तो चाचरला.

"आईंना उगं तरास देऊ नका," ती म्हणाली. "मुहूर्त न्हाई म्हणून न्हाई ऱ्हायले मी. मला यायचं न्हाई. पुन्यांदा येऊ नका."

तो काही तरी म्हणाला, बायको म्हणून हक्क वगैरे. ती आणखी एक पाऊल पुढे गेली. तेवढंच. तो वळला आणि झपाझप चालायला लागला. कोपऱ्यावर थांबून त्यानं छातीवर हात ठेवला, भिंतीला टेकला. आम्ही तिघंही बघत होतो. कुणी धावलं नाही. थोड्या वेळानं सावरला आणि गेला.

मी मागच्या खोलीत येऊन हे लिहितो आहे. जून महिन्यात तो मरावा अशी माझी इच्छा होती. आज कोपऱ्यावर तो भिंतीला टेकला तेव्हा मी मनात म्हणालो, आता नको. इतक्यात नको. त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, जाणारही नाही. पण आता वाटतं, त्यानं खूप वर्षं जगावं. म्हातारं व्हावं. रोज संध्याकाळी कामावरून यावं, दार उघडावं आणि आत कुणी नसावं.